वीस विमानांची अट आणि मोपाचे एटीआर : प्रादेशिक विमानसेवेच्या परदेशी उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. साडेतीन हजार मीटरची धावपट्टी, चोवीस तास वाहतूक, कस्टम्स आणि इमिग्रेशन अशी सगळी व्यवस्था तेथे आहे. त्याच वर्षीच्या जुलैत तेथून लंडन-गॅटविकची सेवा सुरू झाली, आणि १८ मार्च २०२४ रोजी गोव्यातच मुख्य तळ असलेल्या फ्लाय९१ या प्रादेशिक कंपनीची नियमित उड्डाणे सुरू झाली. गोवा, बेंगळुरू, हैदराबाद आणि सिंधुदुर्ग ही तिची पहिली शहरे होती. पुढे अगत्ती (लक्षद्वीप), जळगाव, पुणे आणि जून २०२५ मध्ये सोलापूर यांची भर पडली. तेव्हापासून म्हापशाच्या बाजारात, पेडण्याच्या पंचायतीत आणि सीमेपलीकडे बांदा-सावंतवाडीतही एक साधा प्रश्न माझ्या कानावर सतत येतो : विमानतळ आंतरराष्ट्रीय आहे, कंपनी गोव्यातली आहे, विमान रोज समोर उभे असते, मग ते कोलंबोला किंवा मालदीवला का जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात, धोरणात आणि थोडे विमानाच्या पंखांत आहे, आणि ते एकत्र मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे. या कंपनीने परदेशी फेरीसाठी अर्ज केला होता किंवा तो नाकारला गेला, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मोपावर तळ असलेल्या, मोजकी एटीआर विमाने चालवणाऱ्या कंपनीने असा अर्ज करायचे ठरवले, तर तिच्यापुढे कोणकोणते दरवाजे येतात आणि त्यांपैकी कोणता विनाकारण बंद आहे, एवढाच विषय आहे. अभ्यासाचा कालखंड मार्च २०२४ ते जून २०२५ असा धरला आहे.

प्रथम विमानाविषयी, कारण अनेकांचे गैरसमज तेथूनच सुरू होतात. एटीआर ७२-६०० हे दोन पंख्यांचे, सुमारे सत्तर आसनांचे विमान आहे. त्यात आपण शेपटीकडच्या दाराने चढतो, कारण पुढच्या बाजूचे दार सामानाचे असते. मोपावर प्रवासी चढत-उतरत असताना नीट पाहिले, तर शेपटीखाली जमिनीवर टेकवलेला एक दांडा दिसतो. सगळे प्रवासी मागून चढत असताना भार मागे जाऊन विमानाचे नाक उचलले जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो, आणि निघण्यापूर्वी तो काढून घेतात. शेजारी उभ्या असलेल्या एअरबसच्या तुलनेत हे विमान खेळण्यासारखे वाटते आणि पुष्कळ जण त्यावरून ते परदेशी जाण्याच्या योग्यतेचे नाही असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. याच जातीचे विमान चेन्नईहून श्रीलंकेतील जाफना येथे भारतीय कंपनीच्या नावाने गेलेले आहे. त्याविषयी पुढे येईलच.

आता मुख्य दरवाजा. भारतीय कंपनीला परदेशी नियमित सेवा सुरू करण्यासाठी २००४ पासून दोन अटी होत्या : पाच वर्षे देशांतर्गत सेवा आणि ताफ्यात वीस विमाने. याच अटीपायी, ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोची पहिली परदेशी फेरी सप्टेंबर २०११ मध्ये गेली. १५ जून २०१६ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने पाच वर्षांची अट काढली आणि वीसची ठेवली. धोरणाचे शब्द साधारण असे आहेत की, कोणतीही कंपनी परदेशी सेवा सुरू करू शकेल, मात्र तिने वीस विमाने किंवा आपल्या एकूण क्षमतेच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, देशांतर्गत सेवेसाठी ठेवले पाहिजे. क्षमता मोजायची ती सर्व उड्डाणांतील आसनांच्या सरासरीवरून.

या वाक्यातील ‘जे अधिक असेल ते’ या चार शब्दांत सगळे प्रकरण अडकलेले आहे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहावा. चार विमानांच्या कंपनीचे वीस टक्के म्हणजे एक विमानसुद्धा नाही. पण अधिक असेल ते धरायचे, म्हणून आकडा वीस. तीस विमानांच्या कंपनीचे वीस टक्के म्हणजे सहा. तरी आकडा वीसच, आणि परदेशासाठी उरली दहा. सारखीच विमाने धरली, तर ताफा शंभराच्या वर गेल्याशिवाय टक्केवारीचा भाग कधी लागूच होत नाही. म्हणजे टक्केवारी ही फक्त अतिप्रचंड कंपन्यांसाठी आहे आणि बाकी सर्वांसाठी ही निव्वळ डोकी मोजण्याची अट आहे. शिवाय डोकी मोजताना विमानाचा आकार विचारात घेतलेला नाही. वीस एटीआर म्हणजे जेमतेम चौदाशे आसने आणि वीस एअरबस ए-३२० म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. अटीच्या दृष्टीने दोन्ही ताफे सारखेच.

कोणी म्हणेल की, मग प्रादेशिक कंपनीला ही अट उलट स्वस्त पडते, कारण वीस एटीआर वीस एअरबसपेक्षा कमी भांडवलात उभी राहतात. हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतला आणि शेवटी सोडून दिला. मोठ्या शहरांच्या मार्गांवर वीस विमाने पटकन कामाला लावता येतात. अकासा एअरने ७ ऑगस्ट २०२२ रोजी पहिले उड्डाण केले आणि वर्ष पुरे होण्याआधीच, १ ऑगस्ट २०२३ रोजी, विसावे विमान आणले. प्रादेशिक कंपनीला तसे करता येत नाही. तिची बाजारपेठ जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर अशी आहे. तेथे रोज एखादी फेरी भरते, कधी तीही भरत नाही. विमाने हळूहळूच वाढवावी लागतात, आणि घाईने वाढवणारी कंपनी बुडते. अशा कंपनीला वीसचा आकडा गाठायला लागणारी वर्षे मोठ्या कंपनीच्या महिन्यांइतकी असतात.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा अटीच्या हेतूचा आहे. देशातील शहरे वाऱ्यावर सोडून कंपन्यांनी किफायतशीर परदेशी मार्गांकडे धाव घेऊ नये, हा हेतू योग्य आहे आणि मला तो मान्य आहे. परंतु ज्या कंपनीचा जन्मच लहान शहरे जोडण्यासाठी झाला, जिची शंभर टक्के क्षमता देशात आहे, आणि जिची एखादी फेरी परदेशी गेली तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षमता देशातच राहील, तिने हा हेतू अट न वाचताच पूर्ण केलेला असतो. हेतू पूर्ण करणाऱ्याला अट अडवते आणि ऐंशी टक्के क्षमता परदेशी वळवू शकणाऱ्या बलाढ्य कंपनीला तीच अट मोकळी सोडते, हे मला धोरणातील उघड वैगुण्य वाटते.

या दरवाजामागे आणखी दरवाजे आहेत, पण त्यांच्याविषयी मला तक्रार नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या सहाव्या कलमानुसार कोणत्याही देशात त्याच्या परवानगीशिवाय नियमित आंतरराष्ट्रीय सेवा नेता येत नाही. ही परवानगी दोन देशांतील द्विपक्षीय हवाई सेवा करारातून मिळते : आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, कोणत्या शहरांतून, हे त्यात ठरलेले असते. करारातील भारताच्या वाट्याचे हक्क नागरी विमान वाहतूक मंत्रालय कंपन्यांना वाटून देते, आणि मग सरकार राजनैतिक मार्गाने त्या कंपनीचे नाव समोरच्या देशाला कळवते; यालाच नियुक्ती म्हणतात. त्यानंतर समोरच्या देशाचा नियामक कंपनीची कागदपत्रे, विमा आणि सुरक्षा व्यवस्था तपासून स्वतःची परवानगी देतो. दरम्यान आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, कंपनीच्या परिचालन प्रमाणपत्रात नवे क्षेत्र आणि नवा मार्ग नोंदवण्यापूर्वी वैमानिकांचे प्रशिक्षण, देखभालीची सोय आणि मार्गाचा अभ्यास पाहते. विमान सुरक्षित आहे की नाही हे येथे ठरते. विमाने किती आहेत यावरून ते ठरत नाही. वीसच्या अटीला सुरक्षेची ढाल म्हणून पुढे करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

गोव्यासाठी आनंदाची गोष्ट अशी की, ज्या दिशेला एटीआर पोचू शकते त्याच दिशेला हक्कांची अडचण सर्वांत कमी आहे. २०१६ च्या त्याच धोरणाने सार्क देश आणि दिल्लीपासून पाच हजार किलोमीटरपलीकडचे देश यांच्याशी परस्पर तत्त्वावर खुल्या आकाशाची, म्हणजे फेऱ्यांच्या संख्येवर मर्यादा न ठेवण्याची, भूमिका घेतली. आखाती देश या दोन्हींत बसत नाहीत, म्हणून दुबई-दोहाच्या आसनांसाठी कायम ओढाताण असते. श्रीलंका आणि मालदीव सार्कमध्ये आहेत.

नकाशावर मोपापासून सरळ रेषा ओढल्या तर जाफना साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास, मालदीवच्या उत्तर टोकाजवळचे हनीमाधू सुमारे एक हजार, कोलंबो साडेअकराशेच्या आसपास, माले सुमारे पावणेतेराशे आणि मस्कत साडेअठराशेच्या घरात येते. पूर्ण प्रवासी घेऊन एटीआर ७२-६०० चा पल्ला साधारण चौदाशे किलोमीटरचा आहे. म्हणजे मस्कतचा विचारच सोडावा. आखातात काम करणाऱ्या गोवेकरांना या विमानाचा काही उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. माले कागदावर बसते, पण पावसाळ्यात, समोरच्या वाऱ्यात आणि पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन धरून काही आसने रिकामी सोडावी लागतील असे मला वाटते. कोलंबो, जाफना आणि हनीमाधू मात्र निर्धास्तपणे पल्ल्यात आहेत. हनीमाधूच्या विमानतळाचा विस्तार भारताच्या कर्जसाहाय्यातून झाला आहे, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

समुद्रावरून जाण्याची भीती बोलून दाखवली जाते. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत कोणत्या ना कोणत्या विमानतळावर पोचता आले पाहिजे, हा नियम आहे, आणि किनाऱ्यापासून फार दूर जाणार असल्यास लाइफ जॅकेटबरोबर तराफेही न्यावे लागतात. गोव्याहून दक्षिणेला मालदीवकडे जाणारा मार्ग मंगळुरू, कन्नूर, कोची, तिरुवनंतपुरम यांना डावीकडे ठेवत जातो आणि उजवीकडे अगत्ती असते. खुल्या समुद्राचा खरा टप्पा शेवटचा आहे. मोपाहून लक्षद्वीपला जाणाऱ्या वैमानिकांना या पाण्याची ओळख आहे.

आमच्या वाड्यावरचा एक तरुण मालदीवमधील एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करतो. रात्री त्याच्या अंगणातून मोपाचे दिवे दिसतात. सुट्टी संपली की तो मोपाहून बेंगळुरूला जातो, तेथे कित्येक तास बसतो आणि मग मालेचे विमान पकडतो. तीन तासांच्या अंतराला त्याचा अख्खा दिवस जातो. परतताना एकदा त्याच्या आईसाठी आणलेली सुक्या माशांची पेटी बेंगळुरूच्या बदलीत मागे राहिली आणि दोन दिवसांनी घरी आली. हॉटेल व्यवसायात वाढलेली गोव्याची मुले अशा नोकऱ्यांसाठी बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठी आठवड्याला दोन फेऱ्यांचे सत्तर आसनी विमान मोठ्या एअरबसपेक्षा अधिक उपयोगाचे आहे, कारण एअरबस भरण्याइतके प्रवासी या मार्गावर रोज नसतात.

पैशाच्या बाजूकडे पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे होते, आणि वीसच्या अटीवर टीका करणारे बहुतेक जण हा भाग वगळतात. लहान विमानाचे गणित देशांतर्गत सवलतींवर उभे असते. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत नियमित सेवेत लँडिंग शुल्क माफ आहे. चाळीस हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानाला विकलेले इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली ‘घोषित माल’ धरले जाते, त्यामुळे राज्याला त्यावर मर्यादित दरानेच कर लावता येतो. एटीआरचे कमाल वजन तेवीस हजार किलोच्या आसपास आहे. लहान शहरे जोडण्यासाठीच्या केंद्राच्या उडान योजनेतील मार्गांवर तीन वर्षे तूट भरपाई मिळते आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसरा स्पर्धक येत नाही. सीमा ओलांडली की या आधारांपैकी बहुतेक मागे राहतात. परदेशी फेरीसाठी नियुक्त कंपनीला विकलेले इंधन निर्यातीच्या ओघातील विक्री मानले जाते आणि करमुक्त होते खरे, पण ज्या कंपनीला आधीच कमी कर लागतो तिचा यात होणारा फायदा मोठ्या कंपनीइतका नसतो. उलट तेच विमान परतल्यावर सोलापूरच्या फेरीला लावायचे, तर टाकीत उरलेल्या इंधनाचा हिशेब कस्टम्सला द्यावा लागतो, आणि एका ताफ्याचे दोन हिशेब सांभाळायला माणसे लागतात.

असे असूनही कंपनीला हा मार्ग हवासा वाटेल, याचे कारण मला रात्रीच्या तासांत दिसते. उडानमधल्या अनेक लहान विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नाही. संध्याकाळ झाली की एटीआर मोपावर येऊन थांबते आणि पहाटेपर्यंत उभे राहते, पण भाडेपट्टीचा हप्ता रात्रीही चालू असतो. कोलंबो आणि माले रात्रभर उघडे असतात, मोपाही असते. तीन वर्षांची तूट भरपाई संपल्यावर ज्या मार्गाची तूट कोणीतरी भरून काढायला हवी, तो जळगावचा किंवा सिंधुदुर्गचा मार्ग या रात्रीच्या फेरीच्या उत्पन्नावर तग धरू शकेल. परदेशी फेरी देशांतर्गत सेवेला मारते, ही अटीमागची समजूत येथे नेमकी उलटी पडते.

सरकारच्या बाजूने एकच आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. मोजक्या विमानांच्या कंपनीचे एक विमान परदेशात बिघडून पडले, तर प्रवाशांना परत कोणी आणायचे? मे २०२३ मध्ये गो फर्स्टची सेवा एका दिवसात बंद पडली तेव्हा देशातल्या देशात तिकिटे घेतलेल्या लोकांचे जे हाल झाले, ते आठवले की परक्या भूमीवर त्याची पुनरावृत्ती कोणालाही नको असेल. शिवाय लहान कंपनी एका विमानाच्या सुट्या भागासाठी दोन दिवस थांबली, तर तिची देशातली निम्मी सेवा कोलमडते, आणि त्यात भरडला जाणारा प्रवासी जळगावचा असतो. हा धोका खरा आहे. पण वीस विमानांची मोजणी त्यावर उपाय नाही. गो फर्स्टकडे वीसपेक्षा कितीतरी अधिक विमाने होती. बँक हमी, दुसऱ्या कंपनीशी प्रवासी परत आणण्याचा लेखी करार, आणि परदेशी फेरीच्या वेळी मोपावर एक राखीव विमान, अशा अटी थेट त्या धोक्यावर बोट ठेवतात.

पूर्वोदाहरणही आहे. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी अलायन्स एअरने चेन्नईहून जाफना येथे एटीआरने सेवा सुरू केली. महामारीत ती थांबली आणि १२ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची प्रादेशिक कंपनी. त्याआधीही, २००५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा पाच वर्षे आणि वीस विमानांची वाट तिला पाहावी लागली नव्हती. सार्वजनिक हिताचा मार्ग असेल तर लहान ताफ्यालाही परदेशी जाऊ देण्यात काही अनर्थ नाही, हे सरकारने स्वतःच्या कंपन्यांच्या बाबतीत मान्य केलेले आहे. आणि समुद्रापलीकडून पाहिले तर विषमता आणखी ठळक होते : मालदीवची सरकारी कंपनी डॅश-८ या पन्नास आसनी पंख्याच्या विमानाने हनीमाधूहून तिरुवनंतपुरमला सेवा देत आली. तिच्या ताफ्यात वीस विमाने देशांतर्गत आहेत का, असे भारताने विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. करार परस्पर असतो. त्याच्या एका टोकाची लहान कंपनी येऊ शकते आणि दुसऱ्या टोकाची जाऊ शकत नाही.

माझी सूचना मर्यादित आहे. संपूर्ण अट रद्द करावी असे मी म्हणत नाही, कारण महानगरी मार्गांवर काम करणाऱ्या नव्या कंपनीसाठी तिचा काही उपयोग असू शकतो. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांनी, सार्क देशांपर्यंतच, आणि आपली किमान ऐंशी टक्के क्षमता देशांतर्गत ठेवून सेवा देणाऱ्या कंपनीसाठी डोकी मोजणे थांबवावे आणि वर सांगितलेली बँक हमी व राखीव विमान मागावे. ऐंशी आसनांची रेषा नवी काढायची नाही; लँडिंग शुल्काच्या माफीसाठी ती आधीच आखलेली आहे. गोवा सरकारनेही यात भूमिका घ्यायला हवी. उडानच्या तूट भरपाईत राज्याचा वाटा वीस टक्के असतो, तेव्हा मोपाच्या विमानांच्या भवितव्यात राज्य आधीच भागीदार आहे. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून थेट परदेशी फेरीची अपेक्षा मात्र सिंधुदुर्गवासीयांनी आज ठेवू नये, कारण कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय मोपावर आहे आणि एवढ्या जवळ दुसऱ्यांदा ती उभी करणे प्रवासीसंख्येला परवडणारे नाही.

अट उद्या शिथिल झाली तरी परवाच्या दिवशी विमान निघणार नाही. अकासा एअरने विसावे विमान आणल्यानंतर मुंबई-दोहा ही तिची पहिली परदेशी फेरी २८ मार्च २०२४ रोजी निघाली. मधल्या जवळजवळ आठ महिन्यांत हक्क, नियुक्ती, समोरच्या देशाची परवानगी आणि स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-निघण्याच्या ठरलेल्या वेळा, हे सगळे व्हायचे होते. सार्क देशांच्या बाबतीत हक्कांचा टप्पा लवकर उरकेल, पण प्रादेशिक कंपनीकडे या कामाचा अनुभव असलेली माणसे कमी असतात, म्हणून एकूण काळ फार घटेल असे मला वाटत नाही. त्यामुळे मोपाहून कोलंबोला जाणारे पहिले एटीआर ऑक्टोबरात, पर्यटन हंगामाच्या तोंडावर उभे करायचे असेल, तर अर्जाची फाईल त्याच वर्षीच्या शिमग्याआधी दिल्लीला पोचलेली असावी लागेल.